मागच्या सीटवरची चाकवाली

सायकल दुरुस्तीच्या त्या दुकानात बोलणं बंद पडायचं ते एकाच कारणाने. ते चालवणाऱ्या चाकवालीच्या तोंडात स्क्रू असायचे. दोन्ही हात गुंतले की ती स्क्रू ओठांत धरायची आणि तेवढ्यापुरती गिऱ्हाइकांची सुटका व्हायची. स्क्रू जागेवर बसले की गाडं पुन्हा सुरू. ट्यूबला काय टोचलं असेल, ते कोणत्या रस्त्यावर टोचलं असेल, त्या रस्त्यावर कोण राहतं आणि त्याच्या मुलीचं लग्न का मोडलं, हे सगळं पंक्चर निघेपर्यंत सांगून व्हायचं. लोक म्हणायचे, हिच्या हाताला आणि तोंडाला एकच चेन आहे, एक फिरलं की दुसरं फिरणारच. ते काही खोटं नव्हतं, आणि तिलाही ते लागत नसे. ती म्हणायची, "फुकट देते, वर ऐकायला कान दुखतात का तुमचे?"

दुकान वडिलांचं. भाऊ होता, पण त्याला हात काळे करायचे नव्हते. तो विम्याच्या धंद्यात गेला आणि दुसऱ्यांचे हात धरून बसू लागला. हिने लहानपणीच पाना उचलला तो खाली ठेवला नाही. एका शटरची ती जागा. छताला लोखंडी आकड्यांवर रिमा टांगलेल्या, कोपऱ्यात पंक्चर शोधायचं राखाडी पाण्याचं घमेलं, भिंतीवर पान्यांच्या आकाराच्या काळ्या सावल्या रंगवलेल्या, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते लांबून कळावं. गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल होतं. त्याला वर सायकलची जुनी सीट ठोकली होती. त्यावर फार वेळ कोणाला बसवत नसे, आणि वडिलांनी ती त्याच हेतूने ठोकली होती.

नवरा अगदी उलट. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसायचा. काचेला एक गोल भोक, भोकाच्या अलीकडे तो, पलीकडे ज्याच्या नळाला पाणी नाही असा सगळा गाव. लोक भोकाला तोंड लावून बोलायचे, ओरडायचे, क्वचित रडायचे. सगळं ऐकून तो म्हणायचा, "नोंद घेतली." नोकरीतला त्याचा शब्दसंग्रह तेवढाच होता आणि घरी तोही लागत नसे. जेवायला बसल्यावर त्याला मीठ हवं असलं तर तो मिठाकडे बघायचा. शेजारीण म्हणायची की यांच्या घरात दोन माणसांचं बोलणं एकच जण उरकतं, काटकसर म्हणतात ती हीच.

त्याला नाद एकच, मासे धरायचा. गावाबाहेर मोठं तळं होतं, त्याला लाकडी धक्का आणि धक्क्यावर बोटी सांभाळणारा एक माणूस. त्याला सगळे धक्केवाला म्हणत, आणि त्याने या नवऱ्याचं नाव ठेवलं होतं बगळा. मान पुढे काढून हा तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचा म्हणून. बगळ्याकडे एक जुनी दोन सीटची कयाक होती. लांबट, अरुंद, पोकळ प्लॅस्टिकची बोट. कोणीतरी भाड्याचा धंदा बंद करताना विकली ती याने घेतली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं त्या बोटीतून निघायची. पुढे तो, हातात गळाची काठी. मागे ती, हातात वल्हं.

कारण माणसाला हात दोन. त्यांत वल्हं धरलं तर काठी सुटते, काठी धरली तर बोट वाऱ्याबरोबर जाते. तेव्हा बोट राखायचं काम तिचं. तो मागे न बघता उजव्या हाताचं बोट वर करायचा, ती उजवीकडे घ्यायची. तळवा आडवा धरला की थांबायचं. आता बोट थांबवायची म्हणजे वल्हं उलटं मारायचं, आणि वारा असेल तर ते सारखं थोडंथोडं मारत राहायचं. हे ती डोक्याने करत नसे. तळवा दिसला की तिची मनगटं आपोआप फिरायची. त्या बोटीला ब्रेक नव्हता, ब्रेक म्हणजे तीच होती, पण असा विचार तिने कधी केला नाही.

पहिल्याच फेरीत तिने तोंड उघडलं, तेव्हा त्याने बोट ओठांवर ठेवलं होतं.

"शू. पाण्यातून आवाज जातो. मासे ऐकतात."

दुकानात येऊन तिने घमेल्याला पाना वाजवून बघितला. पाण्यावर वलयं उठली. तिला पटलं. पटलेलं ती मनापासून पाळायची. त्या दिवसापासून बोटीत तिने चकार शब्द काढला नाही, आणि आपण बोटीत किती गप्प असतो हे ती दुकानात प्रत्येकाला सविस्तर सांगायची. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नसे. एक जण खात्री करायला धक्क्यावर येऊन गेला म्हणतात.

माशांत तिला काडीचा रस नव्हता. तिला जायला आवडायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. आठवडाभर कोणी ना कोणी तिच्याकडे काहीतरी मागत असे, इथे फक्त एक बोट उजवीकडे किंवा डावीकडे व्हायचं. समोर नवऱ्याची मान. कानामागचा तीळ, केसांच्या कडा, मासा लागला की ताठ होणारे खांदे. तिचं मत होतं की नवरा तोंडाकडून जेवढा समजत नाही तेवढा मागून समजतो. घरात दोघं एका खोलीत असली तरी ती बोलत असायची आणि तो तिथे नसायचा. बोटीत दोघं एका ठिकाणी असायची. ती मागची सीट तिची होती, आणि आयुष्यात हक्काची म्हणावी अशी तिची तेवढी एकच बसायची जागा होती. दुकानात ती उभीच असे.

मग तो निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, "नोंद घेतली," म्हणाला आणि बसला. त्याच्या नोकरीत लोक त्याला पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पुढचे काही आठवडे तो खुशीत होता. काठ्या पुसल्या, दोऱ्या बदलल्या, गळांना तेल दिलं. मग पुसायला काही उरलं नाही, आणि एके दिवशी दुपारी तो दुकानात येऊन त्या स्टुलावर बसला. खिशातून खडू काढून त्याने फरशीवर बोट काढली.

"अगं, पायाने चालणारी निघालीय. सायकलसारखी पेडलं मारायची, खाली पंखा फिरतो. हात मोकळे राहतात."

"बघितलीय. धक्केवाल्याने दाखवली मला."

"तयार घ्यायची म्हटलं तर फार पडतात. आपल्याच बोटीला बसवायचं, तुला जमेल?"

हा प्रश्न तिला विचारायचा नसतो. तिने हातातला पाना खाली ठेवला. "न जमायला काय झालं? क्रँक, चेन, एक गिअर, एक सळई, एक पंखा. लहान मुलाची सायकल याहून अवघड असते, बाजूला मूल रडत असतं."

"मग मला रोज जाता येईल," तो म्हणाला. "आणि तुला सुट्टीच्या दिवशी उगाच पहाटे उठायला नको."

ती म्हणाली, "बरोबर आहे." आणि मग बराच वेळ तिने एकाच चाकाचे आरे पुन्हा पुन्हा आवळले. तिला वाईट वाटलं होतं. पेडलं बसली की तो हातपाय चारही वापरून एकटा जाणार आणि मागच्या सीटवर कोणी लागणार नाही, हे तिला खडूच्या चित्रातच दिसलं होतं. तो 'उगाच' तर तिच्या डोक्यात दिवसभर टोचत राहिला. पण तिच्या तोंडातून 'नाही' निघालं नाही. एक तर नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. आणि दुसरं म्हणजे, पेडलांच्या क्रँकला कोणती चेनप्लेट लावायची हे तिने तोपर्यंत मनात ठरवून टाकलं होतं. कारागिराचा स्वभाव असा नडतो.

बोट दुकानात आणून दोन लाकडी घोड्यांवर ठेवली. आत मावली नाही, नाक फुटपाथवर. येणारेजाणारे विचारायचे, हिला चाकं कुठे लावणार? तिने कोणा मुलीच्या मोडक्या सायकलचा मधला तुकडा कापला, पेडलं, क्रँक आणि छर्ऱ्यांसकट. तो लोखंडी चौकटीवर चढवून नवऱ्याच्या सीटपुढे बसवला. तिथून चेन मागच्या छोट्या दातेरी चक्रावर, चक्र एका जळलेल्या ग्राइंडरच्या गिअरपेटीवर. गिअरपेटीने फिरणं आडव्याचं उभं केलं आणि उभी सळई बोटीच्या पोटातून खाली पाण्यात, टोकाला फिरणं पुन्हा आडवं करणारी तसलीच दुसरी पेटी आणि तिला पंखा. त्यासाठी बोटीच्या तळाला भोक पाडायचं होतं. ती करवत घेऊन बसली तेव्हा बगळा स्टुलावरून उठला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला. भोकात तिने जाड प्लॅस्टिकचा पाइप वरखाली वितळवून असा जोडला की बोटीच्या पोकळ पोटात पाण्याचा थेंब शिरू नये. मागे पत्र्याचं सुकाणू, त्याला दोन ब्रेकच्या वायरी आणि पुढे ब्रेकचाच दांडा. दांडा दाबला की बोट वळणार. ब्रेक दाबून वळायचं, थांबायचं नाही, यावर ती स्वतःच दोनदा हसली.

एक अडचण मात्र तिने आधीच सांगितली. "अहो, तुम्ही पुढे बसणार, त्यात हे लोखंड. मागे कोणी नाही. बोटीचं नाक पाण्यात घुसेल."

"मागे पाण्याचे डबे ठेवू."

"किती?"

त्याने थोडा विचार केला. "तुझं वजन किती आहे?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. तिने खरा आकडा सांगितला नाही, थोडा कमीच सांगितला, त्यामुळे बोट पुढे कायम थोडी नाकावरच झुकत राहिली. डबे मात्र त्याने बेताने भरले आणि तिच्या सीटवर पट्ट्याने आवळले. एकाचं झाकण गळत होतं, त्यावर तिनेच जुनी ट्यूब कापून बांधून दिली.

पहिल्या दिवशी ती दुकान उशिरा उघडायचं ठरवून धक्क्यावर गेली. बगळा बसला, पेडलं मारली आणि बोट सुटली. सरळ आणि सपासप. धक्केवाल्याने तोंडातली काडी काढली आणि म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला." तिला अंगाला जरा हलकं वाटलं. बोट पाणवनस्पतींच्या दाट बेटाकडे निघाली होती, तिथे मासे असतात. जवळ पोचल्यावर बगळ्याने थांबण्यासाठी पेडलं उलटी मारली. तशी तयार बोटींत मारतात, पंखा उलटा फिरतो, बोट थांबते.

पाण्यावरून आवाज आला. टकटकटकटकटक.

ती जागच्या जागी थिजली. हा आवाज ती झोपेतही ओळखेल. सायकलच्या मागच्या चाकाला जे दातेरी चक्र असतं ते फ्रीव्हील. पुढे मारलं की चाकाला घेऊन फिरतं, उलटं मारलं की नुसतंच टकटकत राहतं, चाकाला काही कळतही नाही. उतारावर पाय सोडून बसता यावं म्हणून. छोटं चक्र लावायचं म्हणताच तिच्या हाताने खोक्यातून फ्रीव्हील उचललं होतं, कारण तिच्या हाताने जन्मभर तेच उचललं होतं. सायकलवाल्याला ही चूक सुचतसुद्धा नाही, ती होऊन जाते. थांबायचं कसं याचा विचार तिने केलाच नव्हता. तो विचार आजवर तिची मनगटं करत आली होती.

बगळा उलटी पेडलं मारत, टकटकत, थेट बेटात घुसला. गवताने त्याला कमरेपर्यंत झाकलं. धक्केवाला खाली बसून हसला. "वहिनी, बोट कुठे बांधलीत, सायकलच बांधलीत ही. का यांना जाऊच द्यायचं नव्हतं?"

हे शेवटचं लोकांनी पुढे बरेच दिवस चघळलं. तिने मुद्दाम केलं असतं तर गोष्ट जास्त रंगली असती, पण तिने मुद्दाम केलं नव्हतं. दुसऱ्याच्या कामात मुद्दाम खोट ठेवायची तिला किळस होती, नवरा झाला म्हणून काय झालं. कान लाल करून ती उभी राहिली. बगळ्याला बेटातून सुटायला वेळ लागला, आणि सुटल्यावरही बोट काही एका जागी राहीना. वारा ढकलायचा, खालचा पंखा पाण्याने आपोआप फिरायचा, फ्रीव्हील टकटक करायचं. सवयीने तो उलटी पेडलं मारायचा, आणखी टकटक. सगळ्या तळ्यावर दुसरा आवाज नव्हता. ही टकटक ऐकत ती दुकान उघडायचं विसरली.

आणि त्या टकटकीत त्याला मासे लागले. एकामागून एक. काठी वाकायची, तो ओढायचा, बोट टकटकत फिरायची आणि पुढचा लागायचा. तो परत आला तेव्हा जाळीची पिशवी दोन्ही हातांनी उचलावी लागली. धक्केवाला म्हणाला की एवढे तर या बोटीत आजवर कधी आले नव्हते. बगळ्याचा चेहरा फुलला होता. चाकवाली पिशवीकडे बघत राहिली. मग तिने बोटीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या मानेकडे, आणि घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा घोड्यांवर चढली. तिने चेन उतरवली, फ्रीव्हील काढून कापडावर ठेवलं, ग्रीस पुसलं. तोंडात स्क्रू नव्हते आणि तरी दुकान गप्प होतं. एक गिऱ्हाईक हवा भरायला आलं, दाराशीच थबकलं आणि दुसऱ्या दुकानात गेलं. बगळा स्टुलावर होता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "चूक झाली तर झाली. एवढं काय."

तिने फ्रीव्हील बोटावर धरून फिरवलं. टकटकटक.

"मासे ऐकतात ना?"

बगळा स्टुलावर जरा सरकून बसला.

"काल हे सकाळभर वाजत होतं. धक्क्यावर मला ऐकू येत होतं. आणि पिशवी उचलवत नव्हती." तिने पुन्हा फिरवलं. "इतकी वर्षं मी कोणासाठी गप्प बसले? मासे तर बहिरे निघाले."

बगळ्याने खालच्या फरशीकडे पाहिलं. तिथे त्याने काढलेली खडूची बोट अजून अर्धवट दिसत होती.

"त्या खिडकीला एवढंसं भोक होतं," तो म्हणाला. "त्यातून दिवसभर बोलणं यायचं. सहा वाजेपर्यंत. मग घरी आलो की..."

"घरी मी."

"हो."

"मग मला नेलंत कशाला? वल्हवायला?"

"वल्हवायला धक्केवाला माणूस देत होता." तो थांबला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "तू मागे असलीस की बरं वाटायचं. बोलत नसलीस की आणखी बरं वाटायचं. आता हे बायकोला कसं सांगतात ते मला कळलं नाही. मासे म्हटलं की सोपं झालं."

"सरळ सांगायचं होतं, गप्प बस म्हणून."

"तर तू आली नसतीस."

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नसतेच आले," ती म्हणाली.

मग तिने समोरच्या डबीतून दोन स्क्रू उचलून तोंडात धरले. त्या कामाला स्क्रू लागत नव्हते. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन तिने फ्रीव्हील आतून डाग देऊन कायमचं घट्ट करून आणलं. आता ते दोन्हीकडे पंख्यासकट फिरणार होतं, पुढे मारा पुढे, मागे मारा मागे, आणि कधी टकटकणार नव्हतं. ते बसवताना तिने छर्ऱ्यांना नवं ग्रीस भरलं आणि सळईचा दुवा पुन्हा तपासला. राग होता, पण तो कामात उतरू द्यायचा नाही एवढी शिस्त वडिलांनी लावली होती.

बगळा रोज जाऊ लागला. बोट छान थांबत होती. मागे डबे. धक्केवाला म्हणायचा, "आज वहिनी गप्प दिसतात?" पहिल्यांदा बगळा हसला, नंतर हसेना. सुट्टीचा दिवस आला तेव्हा चाकवाली उन्हं वर येईपर्यंत झोपली, उठली, घर आवरलं आणि मग काय करायचं ते न सुचून दुकान उघडून बसली. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलायची. भाजी संपली, दूध आणा, शटर ओढा. घरात अशी शांतता झाली की शेजारणीने येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना.

ज्या शांततेसाठी त्याने इतकी वर्षं माशांच्या नावावर खोटं रेटलं, ती आता त्याला चोवीस तास मिळत होती. खिडकी बंद झाली होती. नळाला पाणी नाही हे सांगायला कोणी येत नव्हतं. तळ्यावर शांतता, घरात शांतता. मासे घरी टाकून तो दुकानात यायला लागला आणि त्या सीटच्या स्टुलावर बसायला लागला, ज्यावर फार वेळ कोणाला बसवत नसे. ती गिऱ्हाइकांशी बोलायची, तो भिंतीकडे बघत ऐकायचा. शटर खाली येईपर्यंत उठायचा नाही.

एकदा ती एका बाईला सांगत होती. वरच्या गल्लीत एक सासू आहे, सुनेने नोकरी सोडावी म्हणून तिने सुनेच्या सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली गिळली असं सांगितलं. सून डॉक्टरकडे घेऊन गेली. गोष्ट एवढ्यावर आली आणि त्या बाईच्या चाकात हवा भरून झाली. बाई घाईत होती, निघून गेली. दुकान रिकामं झालं. चाकवालीने पंप भिंतीला टेकवला.

"मग त्या सासूने काय केलं?" स्टुलावरून आवाज आला.

तिने वळून बघितलं. इतक्या वर्षांत तिच्या एकाही गोष्टीचा शेवट त्याने मागितला नव्हता. क्षणभर शेवट तिच्या ओठांवर आला. पण तिने फडक्याला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "नोंद घेतली."

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तो बोटीतले डबे घेऊन दुकानासमोर आला आणि गटाराच्या कडेला एकेक करून ओतून रिकामे करायला लागला. ट्यूब बांधलेला डबा लवकर उघडेना, तेव्हा ती पुढे झाली आणि तिने गाठ सोडवली.

"उद्या डबे नेत नाही," तो म्हणाला.

"मग नाक पाण्यात जाईल."

"म्हणूनच सांगतोय."

सकाळी ती गेली. का गेली हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि ती न सांगणारी बाई नव्हती. धक्केवाल्याने तोंडातली काडी काढली, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा तोंडात घातली. ती मागच्या सीटवर बसली. हातात वल्हं नव्हतं. हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना. मांडीवर ठेवले, बाजूला ठेवले, शेवटी गुडघ्यांवर ठेवले. जन्मात पहिल्यांदा ती काही न करता कुठेतरी बसली होती, आणि तिला तिथे कशासाठी आणलंय हे सांगायला वल्ह्याचं कारणही उरलं नव्हतं. समोर मान. कानामागचा तीळ. पेडलं फिरत होती, चेन आवाज न करता चालत होती. चेन चांगली ताणली गेलीय हे तिच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं.

बेटाजवळ आल्यावर त्याने पेडलं मागे मारली. बोट जागच्या जागी थांबली. तिची मनगटं गुडघ्यांवर फिरली ती फिरलीच. त्याने गळ टाकला. सवयीने तिने ओठ मिटले होते.

त्याने मागे बघितलं नाही. "मग त्या सासूने काय केलं?"

त्या जागी बोलायचं कसं असतं हे तिला माहीत नव्हतं. मग हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत, ती म्हणाली, "डॉक्टरने पोटाचा फोटो काढला. किल्ली नव्हतीच."

"मग?"

"मग काय, सुनेने कुलूप तोडायला सायकल माझ्याकडे आणली. सासू मागून चालत आली, म्हणे जरा जपून तोड, कुलूप महागाचं आहे."

त्याचे खांदे हलले. ते हसण्याने हलतात हे तिला मागून पहिल्यांदाच दिसलं. त्यावरून तिला त्या सासूची बहीण आठवली, बहिणीवरून तिचा जावई, जावयावरून त्याची विनाब्रेकची सायकल, आणि मग जे गाडं सुरू झालं ते धक्का लागेपर्यंत थांबलं नाही. आवाज हळूहळू दुकानातल्याइतका चढला. पलीकडच्या बोटीतले दोघे वळून बघून लांब गेले. बगळा पेडलं थोडी पुढे, थोडी मागे मारत बोट एका जागी धरून होता. काठी त्याच्या हातात होती खरी, पण आमिष केव्हाच गळून गेलं होतं आणि ते त्याने पुन्हा लावलं नाही.

धक्क्यावर पिशवी रिकामी बघून धक्केवाल्याने चाकवालीकडे एक नजर टाकली आणि बगळ्याला विचारलं, "काय हो, आज एकही नाही?"

"वारा होता," बगळा म्हणाला.

धक्केवाल्याने तळ्याकडे पाहिलं. वारा सकाळपासून पडलेला होता. चाकवालीनेही पाण्याकडे पाहिलं, आणि ती बोटीची दोरी खुंटीला बांधायला वाकली.